चांद्याचा ताप

आमच्या गावातून हायस्कुलात जाणारी मी पहिली मुलगी, आणि मला ती परवानगी मिळाली ती एका कुत्र्यामुळे. यात गंमत करण्याचा हेतू नाही, खरंच तसं होतं. आमचं गाव डोंबिवलीच्या पश्चिमेला, अगदी खाडीला लागून. शाळा रुळांच्या पलीकडे, पूर्वेला. मधली वाट आधी भातशेतांच्या बांधांवरून जायची, मग खाजणाची, खाऱ्या दलदलीची, उघडी पट्टी लागायची, तिथे एखाद्या गुराख्याशिवाय माणूस म्हणून दिसायचा नाही, आणि मग बाभळींचं एक दाट रान. ते ओलांडलं की रेल्वेचं फाटक आणि गजबज. गावातल्या शाळेतली चौथी संपली तेव्हा माझे वडील मला पुढे शिकवायला तयार होते, पण त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळी पोरं आबा म्हणायचो, ते तयार नव्हते. "पोर त्या खाजनातून एकटी नाय जानार," असं ते म्हणाले. बाबा भांडणारे नव्हते. त्यांनी विळ्याला धार लावता लावता सांगितलं, "एकटी कुटं? चांद्या असतो की तिच्यासंगती." आबा त्यावर कबूल झाले, कारण चांद्यावर त्यांचा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता. तेव्हापासून माझी शाळा चांद्याच्या चार पायांवर चालू राहिली.

तांबूस अंगाचा, कपाळावर आणि छातीवर पांढरा ठिपका असलेला, उंचीने बेताचा पण रुंद छातीचा असा तो कुत्रा होता. सकाळी मला फाटकापर्यंत सोडायचा, फाटकवाल्याच्या खोलीमागे दिवसभर लोळायचा आणि शाळा सुटल्यावर माझ्या पुढे पुढे चालत घरी यायचा. वाटेत कुणी गुराखी जरी माझ्याशी बोलायला थांबला, तरी हा दोघांच्या मध्ये येऊन बसायचा. मला कधीकधी त्याचा राग यायचा. फाटकापाशी मैत्रिणीशी गुपित बोलावं तर हा मध्ये.

घर आमचं मोठं नव्हतं, पण त्यात माणसं भरपूर होती आणि आवाज त्याहून जास्त. पहाटे उखळात भात सडल्याचा धप धप आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा, लांबून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा, आणि या सगळ्यांच्या वर आबांच्या खाकरण्याचा. तांदळाची भाकरी आणि सुकट हे आमचं रोजचं. भरती उतरली की बाबा चिखलातून निवट्या मासे पकडून आणायचे, त्यांच्या कालवणाचा वास दारात येईपर्यंत चांद्या उंबऱ्याबाहेर मान लांब करून बसलेला असायचा. माशांची डोकी त्याची, असा नियमच होता. आई आबांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही आणि थोरल्या दिराशी सरळ बोलायची तर कधीच नाही. आबा हातभर अंतरावर पाटावर बसलेले असायचे आणि आई मला सांगायची, "आबांना सांग, पेज निवते." मी आबांकडे बघायचे. आबा ऐकलेलंच असलं तरी मी सांगेपर्यंत हलायचे नाहीत. मग म्हणायचे, "आयला सांग, आलो." लहानपणी मला वाटायचं, मी शाळेत गेल्यावर ही दोघं उपाशीच राहत असतील.

खाडीकाठी हिवतापाची वस्ती कायमची. दरवर्षी कुणी ना कुणी गोधडीत कुडकुडत पडलेलं असायचं. त्यामुळे आईची एक सवय होती. शनिवारी डोक्याला तेल लावून झालं की ती प्रत्येक पोराला उजेडाकडे तोंड करून उभं करायची आणि अंगठ्याने खालची पापणी ओढून आत बघायची. आत लाल असलं की पाठीवर थाप देऊन म्हणायची, "लाल हाय, जा खेल." फिकट असलं की त्या पोराच्या नशिबी काडेचिराइताचा काढा, आणि ताप असेल तर दवाखान्यातल्या कडू गोळ्या. आमच्या पापण्यांशी तिचे हात इतके सरावलेले होते की आम्हाला ते अंगावर हात फिरवण्यासारखंच वाटायचं. ताप येऊन गेला की रक्त कमी होतं आणि ते आधी पापणीत दिसतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पुस्तकातून नाही, माझ्या एका धाकट्या भावाच्या मरणातून.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पेठेत एका मुलाला पिसाळलेलं कुत्रं चावलं. मग बातमी आली की कुत्री मारणारी माणसं गावोगाव फिरणार, दिसेल त्या कुत्र्याला कुचल्याची विषारी गोळी टाकणार. आबा त्याच संध्याकाळी चांद्याला गोठ्यात घेऊन गेले आणि मागच्या भिंतीजवळ दाव्याने बांधून टाकलं. वर गवताच्या पेंढ्या रचून त्याला आडोसासुद्धा केला. चांद्याला बांधलेलं असण्याची सवय नव्हती. पहिले काही दिवस तो ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा. आबा त्याच्याजवळ उकिडवे बसून त्याला समजावायचे, "गप रं. भाईर मरान हाय तुझं." भातकापणी ऐन जोरात होती, सगळी माणसं शेतावर, त्यामुळे चांद्याला भाकरी टाकली की आमचं काम संपायचं. बैलांच्या अंगावरचे गोचीड आबा रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात वेचून करवंटीतल्या रॉकेलमध्ये टाकायचे, त्यात कधी खाडा नसायचा. पण तीन हातांवर बांधलेल्या कुत्र्याचे कान उलटून बघावेत असं घरात कुणाच्याही मनात आलं नाही. बैल म्हणजे घरचं धन, त्यांची निगा राखायची. कुत्र्याच्या अंगावर किडे असायचेच, त्यात बघायचं काय?

शाळा उघडायला थोडे दिवस राहिले असताना चांद्याने माशाचं डोकं तसंच ठेवलं. बोंबलाचं असतं तर समजलं असतं, ते त्याला तितकंसं आवडायचं नाही. पण हे जिताड्याचं होतं. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच, मुंग्या लागलेलं. मग तो उठेनासा झाला. उठला की मागचे पाय एकमेकांत अडकायचे आणि तो भिंतीला टेकायचा. तोंडातून लाळेची तार. लघवी केली तिथे जमिनीवर काळपट लाल डाग पडला, माझ्या चुलत भावाला वाटलं तिथे कुणी काकवी सांडली. आबा त्याला मोकळं करायला वाकले तेव्हा चांद्या, जो आजवर त्यांच्या ताटाजवळ बसून गुरगुरलासुद्धा नव्हता, त्यांच्या हातावर तोंड टाकायला गेला. दात धोतराच्या सोग्यात अडकले. आबा दावं तसंच ठेवून मागे सरले.

आबांबद्दल कुणी वाईट समजू नये म्हणून इथेच सांगते. त्यांच्या तरुणपणी त्यांचा एक जिवलग मित्र कुत्रं चावून गेला होता. त्याला खाटेला बांधलेलं आबांनी बघितलं होतं, पाण्याचा तांब्या समोर धरला की तो माणूस कसा ओरडायचा ते ऐकलं होतं. ती गोष्ट त्यांनी कधी पूर्ण सांगितली नाही. त्यामुळे गोठ्यातून बाहेर आल्यावर ते कितीतरी वेळ हात धूत राहिले आणि बाबांना म्हणाले, "पिसालला. वरच्या गावच्या बंदूकवाल्याला सांगावा धाडतो. दुपारी येल जेवून." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आनि शाला बास झाली आता. त्या खाजनात पिसाललेली कुत्री फिरतात, आनि संगती न्यायला हा पन रायला नाय." बाबा बांधाच्या कामावर निघाले होते. ते फावडं खांद्यावर घेऊन दारात तसेच उभे राहिले. मी रडले नाही. मला आठवतं, मी स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पाठीला पाठ लावून बसले, आणि मला एकाच वेळी चांद्यासाठीही वाईट वाटत होतं आणि भूमितीच्या नव्याकोऱ्या कंपासपेटीसाठीही. कुठलं जास्त, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

आईने हाताचं भाकरीचं पीठ पुसलं आणि ती उठून गोठ्याकडे गेली. मी मागे. आबा अंगणातून ओरडले, "तिला सांग, जवल जाव नको." मी सांगितलं. ती थांबली नाही. तिने आधी पाण्याचं मातीचं परळ काठीने चांद्यापुढे सरकवलं. तो पडल्या पडल्या लपालपा पाणी प्यायला, सगळं संपवलं आणि मान टाकली. (पाणी प्यायला म्हणजे कुत्रं पिसाळलेलं नाही, असं आमच्याकडे सर्रास समजत. ते खरं नाही हे मी आता जाणते, आणि कुणीही त्यावर विसंबून हात पुढे करू नये. आई विसंबली, हे तिचं आणि आमचं नशीब.) मग तिने एक जुनं गोणपाट त्याच्या तोंडावरून गळ्यापर्यंत घेतलं, गुडघ्याने हलकेच दाबलं, आणि त्याचा एक डोळा उघडा ठेवून अंगठ्याने खालची पापणी ओढली. आम्हाला ओढायची तशीच. आत लालीचा मागमूस नव्हता. मग तिने त्याचा ओठ उचलला. हिरड्या शिजवलेल्या भातासारख्या पांढऱ्या होत्या आणि डोळ्यातलं पांढरं हळद लावल्यासारखं पिवळं. तिने त्याचा कान उलटला आणि मला बोलावलं. कानाच्या आत, घडीघडीत, मटकीच्या दाण्यांसारखे फुगलेले गोचीड चिकटून बसले होते. बोटांच्या बेचक्यांत, काखेत, गळ्याच्या दाव्याखाली, सगळीकडे तेच.

आबा गोठ्याच्या दारापर्यंत आले होते. आई उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण ती माझ्याकडे वळली नाही. ती म्हणाली, "आबा, ह्यो पिसाललेला नाय. ह्याच्या अंगात रगत नाय रायलं. डोले बगा ह्याचे, पिवले झालेत. अंग तव्यासारखं तापलंय. आपल्या पोरांना येतो तसला ताप हाय ह्याला. बंदूकवाल्याला बोलवू नका, डाक्टरला दाखवा." इतकं सगळं एका दमात. मला वाटलं आता छप्पर खाली येणार. आबा तिच्याकडे बघत राहिले, मग चांद्याकडे. "नसला तर?" ते म्हणाले. "नसला तर काय?" "ताप नसला तर." आई म्हणाली, "तर पयला हात माजा हाय त्याला लागलेला." आबांनी मान खाली घातली आणि ते सरळ बैल गाडीला जुंपायला गेले.

कल्याणला जायला दुपार झाली. गाडीत गवत घालून त्यावर चांद्या, तोंडाला सुंभ बांधलेला, शेजारी मी, पुढे आबा. खड्डा आला की आबा "धर त्याला" म्हणायचे. आता तो रस्ता मला ओळखू येत नाही. माझा नातू त्याच्या कुत्र्याच्या पिलाला लस टोचायला घेऊन जातो ते गाडीत मागच्या सीटवर बसवून, आणि ते पिलू खिडकीतून तोंड काढून वारं खातं. दर महिन्याला त्याच्या मानेवर औषधाचे थेंब टाकतात, गोचीड चढला तरी मरतो म्हणे. चांगलं आहे. तरीही मी संध्याकाळी त्याचे कान उलटून बघतेच, आणि घरातली सगळी मला हसतात.

गुरांचे डॉक्टर खाकी अर्धी चड्डी घातलेले, मिशीवाले, घाईत असलेले गृहस्थ होते. त्यांनी चांद्याच्या पोटावर डाव्या बाजूने बोटं रोवली आणि "प्लीहा वाढलीय" असं म्हणाले. कानाच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, रंग लावला, वाळवला आणि सूक्ष्मदर्शकात बघत बसले. रक्त पाण्यासारखं पातळ आलं होतं, ते मीसुद्धा बघितलं. मग म्हणाले, "हा गोचिडांचा ताप. त्यांच्या चाव्यातून बारीक किडे रक्तात जातात आणि रक्त फोडतात. म्हणून डोळे पिवळे, लघवी लाल, हिरड्या पांढऱ्या. माणसाच्या मलेरियाचा चुलत भाऊच म्हणा. कुठे बांधला होता?" आबांनी सांगितलं. "त्या गोठ्यात आधी दुसरं कुत्रं होतं का?" आबा आठवून म्हणाले की पावसाळ्यात एक भटकी कुत्री मागच्या भिंतीशी व्यायली होती. "मग झालं. भिंतीच्या फटीत गोचीड उपाशी बसून होते, तुम्ही त्यांच्या तोंडाशी नेऊन बांधलं. मोकळा असता तर एवढे चढले नसते." त्यांना आबांना लागेल असं बोलायचं नव्हतं, ते नुसतं सांगत होते. हिरड्या घरीच बघितल्या होत्या असं आबा म्हणाले तेव्हा, ओठ कुणी उचलला असं विचारून, घरच्या बाईने हे कळल्यावर, त्यांनी आबांनाच झापलं, की पिसाळल्याची शंका असताना असा हात लावायचा नाही, पुन्हा करू नका. आबा म्हणाले, "बरं साहेब." त्यांना एवढ्या नरम आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

औषध शाईसारखं निळं होतं. ते मोठ्या सुईने पायाच्या शिरेत हळूहळू गेलं. दोन दिवसांत चांद्याची जीभ, हिरड्या, पोटाचं कातडं, सगळं निळसर झालं. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर गावाने त्याला भूतच ठरवलं असतं. पण आईची पंचाईत झाली. तिने सवयीने पापणी ओढली आणि आत निळं. "आता लाल झालं का नाय ते कसं कलायचं?" असं म्हणून ती खरोखर हताश होऊन बसली. मग आबांनी एक काम स्वतःकडे घेतलं. अंगणात चुलीची पांढरी राख पसरून ते चांद्याला हाताने पोटाखाली धरून तिथे उभं करायचे आणि लघवीचा रंग बघायचे. डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं होतं, रंग उतरला की समजायचं. आबा रोज सकाळी वाकून त्या राखेकडे बघत, जसं काही पंचांग वाचताहेत, आणि मग आईला सांगत, सरळ तिलाच, "आज थोडा फिका हाय." दुपारी गोठा रिकामा करून त्यांनी भिंतीच्या फटी शेणामातीने लिंपल्या, आधी त्यात उकळतं पाणी ओतून. कुणाला हात लावू दिला नाही.

चांद्या वाचला. एका सकाळी त्याने पेज चाटून पुसून खाल्ली आणि राखेवरचा डाग साधा पिवळा पडला. आबा वाकलेले सरळ झाले आणि म्हणाले, "झाला." पण कुत्रा पार सुकून गेला होता. अंगणातून उंबऱ्यापर्यंत आला की धापा टाकत बसायचा. अंगात रक्त भरायला दीड-दोन महिने लागतील, तोवर त्याला पळवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि शाळा तर केव्हाच उघडली होती. मी कंपासपेटी उघडायचे, बंद करायचे. बाबा माझ्याकडे बघायचे आणि मग आबांकडे, आणि मग जेवायला लागायचे. आई दोनदा म्हणाली, की शेतातलं आवरलं की मीच जाईन पोरीसंगती, पण कापणीचं, झोडणीचं काम संपायचं नाव घेत नव्हतं, हे तिलाही कळत होतं. मला वाटलं, कुत्रा वाचला हेच पुष्कळ झालं, आता शाळेचं काही मागू नये.

सोमवारी सकाळी मी भांडी घासत होते. आबा धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला मुंडासं बांधून, हातात बैलांची काठी घेऊन अंगणात उभे होते. मला वाटलं कल्याणच्या बाजाराला निघाले. "दप्तर घे," ते म्हणाले. मी आईकडे बघितलं. तिने माझ्या हातातली राख पुसली. बांधांवरून आबा माझ्या पुढे पुढे चालले, एकदाही मागे वळून न बघता. खाजणात एक गुराखी माझ्याशी बोलायला थांबला तर ते आमच्या मध्ये येऊन उभे राहिले. फाटक ओलांडलं, स्टेशन ओलांडलं, आणि पेठेतली माणसं बघून ते थोडे बुजले, पण थांबले नाहीत. आबा शाळेच्या दारात यापूर्वी कधीच आले नव्हते. आमचे वर्गमास्तर पायरीवर उभे होते. इतके दिवस गैरहजर म्हणून ते मला रागावणार तेवढ्यात त्यांनी काठी घेतलेल्या आबांना बघितलं आणि विचारलं, "आपण कोण? मुलीबरोबर का आलात?"

आबांनी मुंडासं सारखं केलं आणि म्हणाले, "आमचा कुत्रा आजारी हाय. त्याच्या बदली मी."